एकाच सुपरहिरोचे अनेक अवतार : कॉमिक, कार्टून आणि चित्रपट शेजारी ठेवून कसे वाचावेत

१९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅनला वाचकांसमोर आणले, तेव्हा त्याला उडता येत नव्हते. तो उड्या मारत असे, आणि एका उडीत त्याची मजल एक अष्टमांश मैल, म्हणजे साधारण दोनशे मीटर, इतकीच होती. रेडिओवरच्या श्रुतिकांमध्ये आणि मग १९४१ पासून निघालेल्या फ्लायशर स्टुडिओच्या कार्टूनपटांमध्ये तो उडू लागला. कागदावर रुबाबदार वाटणारी उडी हलत्या चित्रात टोळासारखी दिसते, हे कार्टून काढणाऱ्यांच्या लक्षात आले होते. आज आपण ज्याला सुपरमॅनचे मूळ रूप समजतो, त्यातला सर्वांत ठळक भाग असा बाहेरून आलेला आहे.

चित्रपट पाहून कॉमिककडे वळणारा नवा वाचक, किंवा कॉमिक वाचून चित्रपटावर चिडलेला जुना वाचक, एकच प्रश्न विचारतो : यातला खरा कोणता? माझ्या मते हा प्रश्न बाजूला ठेवल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण त्याचे उत्तर कोणत्या वर्षी विचारले यावर बदलत जाते. त्याऐवजी काय बदलले, केव्हा बदलले, कशामुळे बदलले आणि तो बदल पुढे कॉमिकमध्ये परत आला का, असे चार प्रश्न विचारावेत. पुढच्या पायऱ्या याच चार प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आहेत.

पहिली पायरी : एक पात्र आणि एक वही

सुरुवात एकाच पात्रापासून करावी. मार्व्हल आणि डीसी या दोन्ही प्रकाशनांच्या कथांना आठ दशकांहून अधिक काळ झाला आहे, आणि ‘सगळे पहिल्यापासून वाचू’ असा संकल्प करणारे बहुतेक वाचक काही आठवड्यांत थकतात. ज्याच्यावर कॉमिक, कार्टून मालिका आणि चित्रपट ही तिन्ही निघाली आहेत, असे पात्र निवडावे. बॅटमॅन किंवा स्पायडर-मॅन नवख्यांना सोयीचे पडतात. एक्स-मेनपासून मात्र आरंभ करू नये; तिथे पात्रांची गर्दी इतकी आहे की कोणाचे काय बदलले हे कळण्याआधी कोण कोणाचा कोण, हेच शोधत बसावे लागते.

वहीत प्रत्येक अवतारासाठी एक ओळ ठेवावी : वर्ष, माध्यम, लेखक-चित्रकार किंवा दिग्दर्शक, आणि जाणवलेला एक बदल. एकच बदल लिहावा, कारण दहा लिहायला गेल्यास त्यातले आठ पोशाखाबद्दलचे निघतात.

दुसरी पायरी : तारखांवर नजर, पण आंधळा विश्वास नको

अमेरिकन कॉमिकच्या मुखपृष्ठावर छापलेला महिना हा अंक विक्रीला आल्याचा महिना नसतो. अंक जास्त दिवस ताजा वाटावा म्हणून पुढचा महिना छापण्याची प्रथा होती. सुपरमॅनच्या पहिल्या अंकावर जून १९३८ असे छापलेले आहे, पण तो एप्रिलमध्येच विक्रीला आला होता. कार्टून आधी की कॉमिक आधी, असा वाद दोन-तीन महिन्यांच्या अंतरावर आला की हा तपशील उपयोगी पडतो.

तारीख बरोबर असूनही दिशा चुकू शकते. बार्बरा गॉर्डन, म्हणजे बॅटगर्ल, हिचा पहिला कॉमिक अंक जानेवारी १९६७ चा आहे आणि बॅटमॅनच्या दूरचित्रवाणी मालिकेत ती त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये आली. तारखा पाहून कोणीही म्हणेल की मालिकेने कॉमिकमधून पात्र उचलले. प्रत्यक्षात मालिकेच्या निर्मात्यांना तिसऱ्या हंगामासाठी एक स्त्री पात्र हवे होते आणि त्यांच्या मागणीवरून ती कॉमिकमध्ये घडवली गेली. छापून आधी आली ती कॉमिकमध्ये, पण तिची गरज निर्माण झाली ती पडद्यामुळे.

तिसरी पायरी : कथाविश्व कोणते ते ओळखणे

एकाच नावाची दोन माणसे कॉमिकमध्येच असू शकतात, मग चित्रपटाला दोष देण्यात अर्थ नसतो. डीसीने १९६१ सालच्या ‘फ्लॅश’च्या १२३ व्या अंकात जुना आणि नवा फ्लॅश दोन वेगळ्या पृथ्वींवर राहतात असे दाखवले, आणि तिथून समांतर विश्वांचा पसारा वाढत गेला. तो आवरण्यासाठी १९८५-८६ मध्ये एक महाकथा लिहून सगळी विश्वे एकत्र करावी लागली. मार्व्हलच्या मुख्य कॉमिक विश्वाला ६१६ हा क्रमांक आहे, आणि २००० साली त्यांनी ‘अल्टिमेट’ नावाने नव्या वाचकांसाठी वेगळे विश्व सुरू केले.

मार्व्हलच्या निक फ्युरी या पात्राचे उदाहरण या पायरीवर पुरेसे आहे. १९६३ मधला निक फ्युरी गोरा आहे. अल्टिमेट विश्वातला फ्युरी कृष्णवर्णीय आहे, आणि २००२ च्या सुमारास चित्रकाराने त्याला सॅम्युएल एल. जॅक्सन या अभिनेत्याचा चेहरा दिला. २००८ च्या ‘आयर्न मॅन’ चित्रपटात हाच अभिनेता त्या भूमिकेत आला. म्हणजे चित्रपटाने पात्र बदलले असे म्हणणारा वाचक ६१६ शी तुलना करत असतो, आणि चित्रपट दुसऱ्याच पुस्तकातून आलेला असतो. तुलना करण्याआधी वहीत विश्वाचे नाव लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

चौथी पायरी : एक प्रसंग घ्यावा आणि त्याच्या मागे लागावे

संपूर्ण पात्राची तुलना नवख्याला झेपत नाही, एका प्रसंगाची झेपते. त्यासाठी माझा आवडता प्रसंग पुलावरचा आहे.

जून १९७३ च्या ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १२१ व्या अंकात ग्रीन गॉब्लिन हा खलनायक स्पायडर-मॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला पुलाच्या उंच मनोऱ्यावरून खाली ढकलतो. संवादात पुलाचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज असे आहे, चित्र मात्र ब्रुकलिन ब्रिजचे दिसते. घाईने निघणाऱ्या मासिकांत असे होतच असे. स्पायडर-मॅन जाळ्याचा धागा सोडतो, धागा तिच्या पायांना पकडतो, आणि त्याच चौकटीत तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत एक आवाज लिहिलेला आहे : ‘स्नॅप’. आपण तिला वाचवले या आनंदात तो तिला वर ओढतो आणि मग ती गेलेली आहे हे त्याला कळते. ती पडल्यामुळे मेली की अचानक थांबवल्यामुळे, हा वाद वाचकांत पेटला, आणि मानेला बसलेल्या झटक्यानेच तिचा जीव गेला असे खुलासे पुढे वाचकांच्या पत्रांच्या पानावर आले. नायकाने वाचवण्यासाठी केलेली कृतीच मृत्यूचे कारण ठरते. या प्रसंगाचा गाभा तो आहे, आणि तो एका इवल्याशा शब्दात आहे. चौकट पुन्हा पाहिल्याशिवाय तो शब्द नजरेत येत नाही. कॉमिकमध्ये वाचकाला थांबता येते, मागे जाता येते. पडद्यावर ही सवलत नसते.

आता हाच प्रसंग पुढे कसा गेला ते पाहावे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या कार्टून मालिकेत पूल आहे, ग्रीन गॉब्लिन आहे, पण पडते ती मेरी जेन, आणि ती पाण्यात न पडता हवेत उघडलेल्या एका प्रवेशद्वारातून दुसऱ्याच मितीत नाहीशी होते. मुलांसाठीच्या त्या मालिकेत बंदुकांतूनही गोळ्यांऐवजी लेझरच्या रेषा निघतात, तिथे नायकाच्या हातून प्रेयसीचा मृत्यू दाखवणे शक्यच नव्हते. तरी लेखकांनी प्रसंग टाळला नाही. मृत्यूच्या जागी बेपत्ता होणे ठेवून त्यांनी दुःख तेवढे शिल्लक ठेवले. मला हा मार्ग तेव्हा पळवाट वाटला होता, आता तो बराच कसबी वाटतो.

२००२ च्या सॅम रायमी यांच्या चित्रपटात गॉब्लिन क्वीन्सबरो पुलावर एका हातात मेरी जेनला आणि दुसऱ्या हातात मुलांनी भरलेल्या केबल कारचा दोर धरून उभा राहतो, एकालाच वाचव म्हणतो, आणि स्पायडर-मॅन दोन्ही वाचवतो. पहिल्याच चित्रपटात नायकाला इतके मोठे अपयश द्यायचे नव्हते, म्हणून शोकांतिकेच्या जागी परीक्षा आली. २०१४ च्या चित्रपटात पूल गेला आणि घड्याळाचा मनोरा आला, पण ग्वेन परत आली : धागा तिला जमिनीच्या अगदी जवळ पकडतो, तरी तिचे डोके आपटतेच. आणि २०२१ च्या चित्रपटात त्याच अभिनेत्याने रंगवलेला स्पायडर-मॅन दुसऱ्या विश्वातल्या एका मुलीला पडताना पाहून धागा न सोडता स्वतः झेप घेतो आणि तिला अलगद उतरवतो. त्या क्षणी त्याच्या डोळ्यांत पाणी का आले, हे २०१४ चा चित्रपट पाहिलेल्याला कळते. १९७३ चा अंक वाचलेल्याला त्याहून थोडे अधिक कळते.

हा अभ्यास एका संध्याकाळी करता येतो. पाच अवतार, पाच ओळी, आणि प्रत्येक ओळीसमोर एकच शब्द : मृत्यू, अदृश्य, बचाव, मृत्यू, बचाव.

पाचवी पायरी : बदलाचे कारण शोधणे

‘निर्मात्यांना पात्र कळलेच नाही’ हे कारण सर्वांत सोपे असते आणि क्वचितच बरोबर असते. आधी माध्यमाची गरज तपासावी. कॉमिकमधला आयर्न मॅन लोखंडी मुखवट्याआड मनाशी बोलतो आणि ते विचारफुग्यात लिहिता येते. पडद्यावर एकट्या माणसाला बोलायला कोणीतरी लागते, म्हणून घरचा बटलर जार्व्हिस चित्रपटात संगणकाचा आवाज झाला. त्याचबरोबर मुखवट्याच्या आतला अभिनेत्याचा चेहराही दाखवला जाऊ लागला, कारण एवढा महागडा चेहरा दोन तास झाकून ठेवणे कोणालाच परवडत नाही. वॉल्व्हरीन कॉमिकमध्ये पाच फूट तीन इंचांचा, ठेंगणा आणि केसाळ आहे. पडद्यावर त्याची भूमिका करणारा ह्यू जॅकमन सहा फुटांहून उंच आहे. या बदलामागे कोणतेही तत्त्वज्ञान नाही. अभिनेता चांगला होता, इतकेच.

काळ हे दुसरे कारण. १९६३ मध्ये टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, व्हिएतनाममध्ये जखमी होतो, २००८ च्या चित्रपटात अफगाणिस्तानात. पण इथे दुसरी पायरी आठवावी : अफगाणिस्तानचा बदल चित्रपटाच्या काही वर्षे आधी कॉमिकमध्येच होऊन गेला होता, म्हणून त्याचे श्रेय किंवा दोष चित्रपटाला देता येत नाही.

तिसरे कारण कथेबाहेरचे असते, आणि नवख्यांच्या नजरेतून नेमके तेच निसटते : हक्क कोणाकडे आहेत. १९८१ च्या एका कार्टून मालिकेत स्पायडर-मॅनच्या सोबतीला ह्युमन टॉर्च हा आगीचा नायक हवा होता. त्याला वापरता येत नव्हते, म्हणून फायरस्टार ही नवी नायिका तयार झाली आणि काही वर्षांनी कॉमिकमध्ये दाखल झाली. मार्व्हलने आर्थिक अडचणीच्या काळात आपल्या पात्रांचे चित्रपट-हक्क वेगवेगळ्या स्टुडिओंना विकले होते. त्यामुळे क्विकसिल्व्हर हे एकच पात्र २०१४ मध्ये फॉक्सच्या चित्रपटात एका अभिनेत्याने आणि २०१५ मध्ये मार्व्हलच्या चित्रपटात दुसऱ्याने साकारले, आणि मार्व्हलच्या चित्रपटाला त्याच्याबद्दल ‘म्युटंट’, म्हणजे जन्मजात शक्ती असलेला माणूस, हा शब्द वापरता आला नाही. असा विचित्र बदल दिसला की पटकथेत उत्तर शोधण्याआधी करारात शोधावे.

सहावी पायरी : परतीचा प्रवास

मला सर्वांत जास्त रस या पायरीत आहे, कारण कॉमिक हे उगमस्थान आणि बाकीचे सगळे त्याचे पाट, ही समजूत इथे मोडते. सुपरमॅनला निष्प्रभ करणारा क्रिप्टोनाइट १९४३ मध्ये रेडिओवर आला आणि कॉमिकमध्ये पोहोचायला त्याला १९४९ उजाडले. बॅटमॅनचा बटलर आल्फ्रेड १९४३ च्या अंकात गोलमटोल आणि विनोदी होता. त्याच वर्षीच्या चित्रपट-मालिकेत एका सडपातळ, बारीक मिशीच्या नटाने ती भूमिका केली, तेव्हा कॉमिकमधल्या आल्फ्रेडला सुट्टीवर पाठवून, वजन उतरवून, मिशी ठेवून परत आणले गेले. आज दिसणारा आल्फ्रेड त्या नटाच्या अंगकाठीचा वारसदार आहे.

पण बॅटमॅनचा खलनायक मिस्टर फ्रीझ याची गोष्ट या सर्वांहून सुरस आहे. तो १९५९ मध्ये ‘मिस्टर झीरो’ या नावाने आला, तेव्हा शीतबंदुकीच्या प्रयोगात अपघात झालेला एक किरकोळ चोर होता, आणि कथेच्या शेवटी वाफेच्या झोताने बराही झाला होता. १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेने त्याला ‘मिस्टर फ्रीझ’ हे नाव दिले आणि कॉमिकने पुढे तेच स्वीकारले. मग १९९२ च्या बॅटमॅन कार्टून मालिकेत पॉल डिनी यांनी लिहिलेला आणि ब्रूस टिम यांनी दिग्दर्शित केलेला ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग आला. भागाच्या आरंभी काचेच्या एका बर्फगोलात एक नर्तकी फिरताना दिसते आणि तिच्याशी एक थंड, सपाट आवाज बोलत असतो. हा व्हिक्टर फ्राइस आहे. असाध्य आजार झालेली पत्नी नोरा हिला त्याने गोठवून ठेवले होते, आणि त्याच्या कंपनीच्या प्रमुखाने तो प्रयोग मध्येच बंद पाडला. वीस-बावीस मिनिटांत चोराचा शोकनायक झाला. या लेखनाला दूरचित्रवाणीचा एमी पुरस्कार मिळाला, आणि कॉमिकने ही पूर्वकथा उचलली. १९९७ च्या चित्रपटानेही नोरा घेतली, मात्र तिच्या नवऱ्याच्या तोंडी बर्फावरच्या कोट्यांची रांग लावली.

मी स्वतः हे कार्टून आधी पाहिले होते आणि नोरा पहिल्यापासूनच असणार असे कित्येक वर्षे समजत होतो. जुना अंक हाती आला तेव्हा तो वाचून आपणच फसवलो गेलो अशी भावना झाली. फसवले कोणीच नव्हते, मी वही ठेवली नव्हती. पुढे २०१२ मध्ये कॉमिकने आणखी एक वळण घेतले : नोरा त्याची पत्नी नव्हतीच, ती कित्येक दशकांपूर्वी गोठवलेली एक अनोळखी स्त्री होती आणि नाते त्याच्या भ्रमातले होते. कार्टूनमधून आलेली पूर्वकथा सर्वांना तोंडपाठ आहे हे गृहीत धरूनच हा धक्का रचला होता. म्हणजे इथे कॉमिक हेच कार्टूनचे रूपांतर झाले. हा बदल मला व्यक्तिशः आवडला नाही, पण त्याची रचना कळण्यासाठी आधीचे तिन्ही टप्पे माहीत असावे लागतात.

हार्ले क्विन याच मालिकेतली. १९९२ मध्ये जोकरच्या टोळीतले एका भागापुरते पात्र म्हणून ती आली, १९९९ मध्ये कॉमिकच्या मुख्य कथाविश्वात शिरली आणि २०१६ मध्ये चित्रपटात पोहोचली. तिच्यासाठी कार्टून हेच मूळ आहे, हे वहीत ठळक लिहून ठेवावे.

सातवी पायरी : कोणत्या बदलाला किती वजन द्यावे

पोशाखाच्या बदलांना फार वेळ देऊ नये. सुपरमॅनची लाल चड्डी २०११ मध्ये कॉमिकमधून गेली, २०१३ च्या चित्रपटातही नव्हती, २०१८ मध्ये कॉमिकमध्ये आणि २०२५ मध्ये चित्रपटात परतली. या ये-जा करण्याने त्याच्या स्वभावात तिळमात्र फरक पडला नाही. हेतूच्या बदलाला मात्र पूर्ण पान द्यावे. १९९१ च्या कॉमिकमधला मार्व्हलचा खलनायक थॅनोस मृत्यूदेवतेच्या प्रेमात आहे आणि तिला प्रसन्न करण्यासाठी अर्धे विश्व संपवतो; २०१८ च्या चित्रपटातला थॅनोस संसाधने अपुरी पडतात या हिशेबाने तेच करतो. कृती तीच, संख्या तीच, पण एक प्रियकर आहे आणि दुसरा स्वतःला न्यायी समजणारा हिशेबनीस. पहिल्याशी वाद घालता येत नाही, दुसऱ्याशी प्रेक्षक घरी जातानाही वाद घालत राहतात.

‘मुळात असे नव्हतेच’ हा दावा करण्यापूर्वी मूळ अंक उघडून पाहावा. बॅटमॅन कोणाचा जीव घेत नाही हे खरे, पण १९४० च्या त्याच्या नावाच्या पहिल्याच अंकात तो विमानातून मशीनगन चालवतो. त्यानंतर संपादकांनी अशा प्रसंगांना बंदी केली आणि मग तो नियम त्याच्या स्वभावाचा भाग झाला. मोठ्या सामर्थ्याबरोबर मोठी जबाबदारी येते हे वाक्य स्पायडर-मॅनच्या बेन काकांचे म्हणून सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्ट १९६२ च्या स्पायडर-मॅनच्या पहिल्या कथेत ते शेवटच्या चौकटीत निवेदकाच्या तोंडी आहे, आणि बेन काका तोवर गेलेले आहेत.

पहिली नोंद कोणती करावी असा प्रश्न पडला, तर याच कथेची करावी. त्या कथेची अकरा पाने वाचावीत, बेन काका प्रत्यक्ष किती चौकटींत दिसतात ते मोजावे, आणि मग आपण पाहिलेला कोणताही एक स्पायडर-मॅन चित्रपट लावून तिथे त्यांच्या वाट्याला किती मिनिटे आली आहेत ते शेजारच्या ओळीत लिहावे.